ताईचा जबडा, भाऊजींची कानस

माझ्या भाऊजींइतका हुशार माणूस मी पाहिला नाही, आणि त्यांच्याइतका मठ्ठही पाहिला नाही. बोलले, झालं! कुणाला राग यायचा तर येऊ दे. मी स्वतः काय दिवे लावले, तेही सांगणारच आहे.

भाऊजी कवळ्या करायचे. दातांचे डॉक्टर लोकांच्या हिरड्यांचे साचे पाठवायचे आणि हे तळमजल्यावरच्या खोलीत बसून त्यांवर एकेक दात बसवायचे, घासायचे, चमकवायचे. खोलीभर पांढरी भुकटी, वितळलेल्या मेणाचा वास आणि फळीवर ओळीने मांडलेल्या बत्तिश्या. मी खाली गेले की म्हणायचे, "बघ, इथे सगळे हसतायत. तोंड पाडून आलीस ती तू एकटीच." मीही सोडायची नाही. "त्यांना तुमच्याबरोबर संसार करायचा नाहीये ना, म्हणून हसतायत!"

ताई-भाऊजींचं घर तिसऱ्या मजल्यावर. मी त्यांच्या शेजारच्याच दारात राहते. लग्न मी केलं नाही. ताई म्हणायची, आमच्या लवंगीला झेलणारा अजून जन्माला यायचाय.

पन्नाशी गाठायच्या आत ताईचे दात गेले, हिरड्याच कमकुवत. शेवटचा दात काढला तेव्हा तिने आठवडाभर तोंडावरचा रुमाल बाजूला केला नव्हता. भाऊजींनी बाकीची कामं बाजूला सारून तीन आठवडे तिची कवळी केली. तिचा समोरचा एक दात लहानपणापासून किंचित तिरका होता. पठ्ठ्याने कवळीतही तो तसाच तिरका बसवला! आरशात बघून ताई आधी हसली, मग रडली, आणि पुढची आठ वर्षं येईल त्याला दात दाखवत सुटली. "ओळखा बरं, खरे की खोटे?"

गेल्या थंडीत तिचा जबडा दुखायला लागला. भाऊजींचं जेवण घेऊन ती खाली जायची, तेव्हा काही नाही. वर येताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खालचा जबडा ठणकायचा. कठड्याला धरून दोन-चार मिनिटं उभी राहिली की आपोआप थांबायचं.

"कवळी टोचत असेल, काढ बघू," भाऊजी म्हणाले. खाली नेली, कानशीने कड घासली, आणून दिली. चार दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा घासली.

"जेवताना दुखतं का गं?" त्यांनी एकदा विचारलं.

"छे, जेवताना मुळीच नाही. चढतानाच."

आता बघा, कुणालाही इथे शंका आली असती. कवळी टोचणारी असेल तर घास चावताना आधी टोचेल. पण आमचे कारागीर! ते म्हणाले, "चढताना तू दात आवळतेस. जोर लावताना माणूस दात आवळतोच. म्हणून दाब येतो." इतकं बिनतोड बोलले की आम्ही दोघींनी माना डोलावल्या. महिनाभर त्यांची कानस चालूच होती. "सगळ्यात कटकटं गिऱ्हाईक घरातच निघालं," असं म्हणत घासायचे.

मग एकदा दुपारी आम्ही दोघी बरोबर जिना चढत होतो. पहिल्याच पायरीवर ताईने कवळी काढली, रुमालात गुंडाळली आणि स्वेटरच्या खिशात टाकली. मी म्हटलं, "हे काय नवीन?"

"बघायचंय मला," ती बोळक्या तोंडाने म्हणाली.

दुसऱ्या मजल्यावर ती थांबलीच. एक हात जबड्याला आणि दुसऱ्या हाताने डावा दंड दाबायची धडपड. बाहेर हुडहुडी भरेल अशी थंडी, आणि हिच्या कपाळावर घामाचे थेंब. पायरीवर बसली. थोड्या वेळाने रंग परतला, तशी म्हणाली, "तिसऱ्यांदा करून बघितलं. कवळी नसली तरी दुखतंच."

"मग भाऊजींना सांग! डॉक्टरकडे चल!"

"जाऊ गं. पण ह्यांना बोलू नकोस. मी त्यांची कवळी काढून फिरते हे कळलं ना, तर दोन दिवस जेवायचे नाहीत."

एरवी माझ्या जिभेला हाड नाही. शेजारणीला, दूधवाल्याला, कुणालाही सोडत नाही मी. आणि त्या दिवशी, नेमकी त्या दिवशी, मी शहाण्यासारखी गप्प बसले. म्हटलं, पुढच्या आठवड्यात नेऊ.

पुढचा आठवडा आलाच नाही. तीन दिवसांनी सकाळी, मी माझ्या घरात असताना, ताई ओट्याशी उभी होती. म्हणाली, मळमळतंय, जबडा फार दुखतोय. ह्या वेळी ती जिना चढलीही नव्हती. भाऊजींनी तिला खुर्चीवर बसवलं, कवळी काढून घेतली आणि म्हणाले, "आज कायमचा बंदोबस्त करतो." खाली गेले. वीस मिनिटं घासत होते. वर आले तेव्हा ताई खुर्चीवरून खाली पडली होती.

हॉस्पिटलात नेलं, पण ती गेलेलीच होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी भाऊजींना शांतपणे विचारलं, चढताना दुखायचं का, थांबल्यावर राहायचं का, हात दुखायचा का, घाम यायचा का. प्रत्येक प्रश्नाला मीच हो म्हणत होते. त्या म्हणाल्या, "जबड्यात जाणवत होतं, पण दुखणं हृदयाचं होतं. पुष्कळ बायकांना छातीत फारसं कळतच नाही."

भाऊजींनी खालची खोली बंद केली. महिनाभर एकच धोशा. "माझं माप चुकलं. कवळी नीट बसली असती, तर हे दुखणं वेगळं आहे हे मला कळलं असतं." येईल त्याला तेच. शेवटी एका सकाळी मी त्यांच्यापुढे जाऊन बसले.

"भाऊजी, कवळी पहिल्या दिवसापासून उत्तम बसत होती. ताई ती काढून जिना चढायची. तरी दुखायचं. मला माहीत होतं."

ते ओरडतील, हाकलून देतील, असं वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"तुम्ही दोघींनी मला का नाही सांगितलंत?"

"तुम्हाला वाईट वाटेल, म्हणाली. दोन दिवस जेवायचे नाहीत, म्हणाली."

भाऊजींनी मान हलवली.

"खरंय, नसतोच जेवलो," ते म्हणाले. "आणि तिसऱ्या दिवशी तिला डॉक्टरकडे घेऊन गेलो असतो."