माझी जीभ आणि पिठाचा डबा

माझ्या जिभेला हाड नाही, असं आमचे हे लग्नापासून सांगत आलेत. पण त्या जिभेपायी एक पोर घरातून जायची वेळ येईल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

आमची मुलं आपापल्या नोकरीच्या गावी गेल्यावर आम्ही दोघांनी इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये सात वर्षांची एक मुलगी सांभाळायला घेतली. दत्तक नव्हे. तिच्या आईची तब्येत ठीक होईपर्यंत, बालकल्याण समितीच्या परवानगीने. पोरगी येवल्याकडची, आमच्याआधी तीन ठिकाणी राहून आलेली. दारावरची बेल वाजली की ही थेट पलंगाखाली. ओढून काढायला जावं तर चावा! आमचे हे निवृत्त मुख्याध्यापक, आयुष्यभर पोरांना धाकात ठेवलेलं. पहिल्याच आठवड्यात मनगटावर दातांचा शिक्का घेऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला गेले.

मग समितीनेच आम्हाला ऑक्युपेशनल थेरपीला पाठवलं. तिथल्या तरुण मॅडमला मी आपलं विचारलं, "सात वर्षांच्या पोरीला कसला धंदा शिकवणार हो?"

ती हसली. "जेवणं, आंघोळ, खेळणं, शाळेत बसणं, हाच लहान मुलांचा धंदा, काकू. हिला तो जमत नाही, कारण हिचं अंग सारखं घाबरलेलं असतं."

उपाय काय, तर जड काम. ढकलायचं, ओढायचं, उचलायचं, पण झेपेल एवढंच. त्याने म्हणे जीव शांत होतो. शिवाय गोधडीत घट्ट गुंडाळून वरून लोड फिरवायचा. मला वाटलं, ही बया आपली थट्टा करतेय.

तरी घरी येऊन गोधडी अंथरली. पोरगी म्हणाली, "आधी काकांला गुंडाळा." झालं! मुख्याध्यापक हॉलमध्ये आडवे, फक्त टक्कल बाहेर, आणि ही लोड फिरवत ओरडतेय, "गोल व्हा ना काका, लय वाकडे होऊ राहिले!" हे गडगडत सोफ्यापर्यंत गेले आणि अडकले. आम्ही दोघींनी पाय धरून ओढून काढलं. कित्येक वर्षांत मी इतकी हसले नव्हते.

पुढे गिरणीतून तीन किलो पिठाचा डबा आणायचं काम तिने स्वतःच मागून घेतलं. कुंड्या सरकवायच्या, गाद्या ढकलायच्या, सगळं तिच्याकडे. दोन महिन्यांत चावणं थांबलं. आंघोळीच्या वेळचा आरडाओरडाही निम्म्यावर आला. बेल वाजली की पलंगाखाली जाणं मात्र चालूच होतं.

एकदा जिन्यात खालच्या मजल्यावरच्या बाईंनी अडवलं. "अहो, एवढ्याशा पोरीला कशाला ओझं उचलायला लावता?" सरळ सांगायला काय झालं होतं मला? पण नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हणाले, "कामाला लावायलाच आणलीय! फुकट का खाऊ घालायचं?" टोमणा होता हो तो! पण त्यांनी खरा मानला. त्यांचं तरी काय चुकलं?

चौथ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात बालसंरक्षण कार्यालयातल्या अधिकारी बाई. म्हणाल्या, मुलीला राबवून घेतात अशी तक्रार आलीय, त्यात तथ्य निघालं तर तिला आजच इथून हलवावं लागेल. मी चहा टाकायला म्हणून स्वयंपाकघरात पळाले. ह्यांनी थेरपीचे कागद शोधायला कपाट उपसायला घेतलं. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर येते तर काय, पोरगी पिठाचा डबा छातीशी धरून हॉलमध्ये येरझाऱ्या घालतेय! अगदी त्या बाईंच्या नाकासमोर!

"ठेव गं तो खाली," मी दातओठ खात म्हणाले.

"नाय."

अधिकारी बाईंनी तिला जवळ बोलावलं. "कोणी सांगितलं तुला हे उचलायला?"

"कोणी नाय. मला लय भ्या वाटलं ना, की मी उचलते."

"कशाचं भ्या?"

"तुम्ही मला न्यायला आल्या ना."

मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. बेल वाजूनही ती आज पलंगाखाली गेली नव्हती, हे माझ्या तेव्हा कुठे लक्षात आलं. हातातल्या ट्रेमध्ये कप खडखडायला लागले. पोरीने वळून पाहिलं.

"काकू, तुझे हात लय हालू राहिले. बस खाली."

मी बसले. तिने डबा माझ्या मांडीवर ठेवला. "घट्ट धर. जरा टायमानं बरं वाटतं."

मी धरला, आणि परक्या बाईसमोर, पिठाचा डबा कवटाळून ढसाढसा रडले. हे कागद घेऊन धावत आले. अधिकारी बाईंनी ते शांतपणे वाचले, थेरपीच्या मॅडमला फोन लावला, बराच वेळ बोलल्या. मग फाइल मिटून पोरीसमोर उकिडव्या बसल्या.

"नाही नेत हं मी तुला. इथेच राहायचंय तुला. घे आता तुझा डबा."

पोरीने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं.

"राहू द्या तिच्याकडंच," ती म्हणाली. "तिचं अजून व्हायचंय."