मोहाचे पानगे

पोंभुर्ण्याहून आईनं पाठवलेली पिशवी आज उघडली आणि वाळल्या मोहफुलांचा गोड, आंबूस वास घरभर पसरला. दर उन्हाळ्यात ती मोहफुलं आणि चारोळी पाठवते. मी ओव्हनमध्ये पानगे भाजते, आणि बाबा डोळ्यांसमोर उभे राहतात.

नववीत मी गडचिरोलीच्या वसतिगृहात होते. एका रविवारी बाबा एसटीनं भेटायला आले. आईनं शिजवलेली मोहफुलं कणकेत मळून, वर चारोळी लावून, पळसाच्या पानांत गुंडाळलेले पानगे निखाऱ्यांत भाजून दिले होते. बाबांनी गाठोडं सोडलं तशी एका मैत्रिणीनं नाक दाबलं.

“दारूचा वास येऊन राह्यला वं!”

सगळ्या हसल्या.

“हे इथी काऊन आणलं, बाबा? वापस घेऊन जा,” मी म्हणाले.

“बरं बाई, नेतो.”

गाठोडं बांधताना त्यांचा अंगठा दिसला. चारोळी फोडताना दगड लागून नख काळंनिळं झालं होतं. आमच्या घरी चारोळी विकायला असायची, खायला नाही.

त्याच पावसाळ्यात बाबा तापानं गेले.

मघाशी आईचा फोन आला. “पिशवी भेटली? तुह्या बाबानं सांगतलं होतं मले, पोरीनं उभ्या उभ्या सगळे खाल्ले, एकबी उरला नाई. इतके आवडतात ना तुले?”

दरवर्षीसारखंच मी “हो” म्हणाले.