विकवत नसलेली पुस्तकं

जुन्या पुस्तकांचं दुकान उघडलं त्याच दिवशी भांडण झालं, आणि तेही गिऱ्हाइकाशी नाही, आम्हा तिघींच्यातच. कचेरीतला एक कारकून सगळ्यात आधी आला. त्यानं फळीवरची एक कादंबरी उचलली आणि सिस्टरनं ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"ही नको. ही मला अजून एकदा वाचायचीय."

"मग विकायला कशाला ठेवलीस?" मी विचारलं.

"फळी रिकामी दिसत होती म्हणून."

कारकून आमच्या तोंडांकडे बघत राहिला. शेवटी "तुमचं ठरलं की सांगा," म्हणाला आणि निघून गेला.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी पौडच्या शाळेत मराठी शिकवत होते आणि आम्ही नवराबायको भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. त्या खोल्यांत पुस्तकं कुठं नव्हती ते सांगणं जास्त सोपं. स्टोव्हवर नव्हती आणि न्हाणीत नव्हती. पाहुणा आला की आधी पुस्तकं उचलायची आणि मग सतरंजी घालायची. नवरा तसा शांत माणूस. पण एकदा कपाटावरची छत्री काढायला गेला आणि बांधीव मासिकांचा गठ्ठा त्याच्या पायाच्या अंगठ्यावर आदळला. अंगठा धरून पलंगावर बसला आणि म्हणाला, "एक तर ही जातील, नाहीतर मी जाईन. विचार करून सांग." मी खरंच विचारात पडले, ते बघून तो आणखीच भडकला.

सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातली नर्स. माझ्याहून वयानं मोठी, एकटी राहायची. शाळेत मुलांना लस टोचायला आली तेव्हा माझ्या टेबलावरचं पुस्तक तिला दिसलं. मुलांची रांग तशीच थांबवून तिनं त्याचं शेवटचं पान वाचलं. कुठल्याही पुस्तकाचा शेवट आधी वाचायचा ही तिची खोड, आणि वर त्याच पानावर पेन्सिलीनं मत लिहायचं: 'शेवट फसला.' 'हिनं आईचं ऐकायला हवं होतं.'

तिसरी भाभी. बाजारपेठेतल्या कापडदुकानदारांची सून. तिनं एकदा मला ब्लाउजपीस मासिकाच्या पानात गुंडाळून दिला. त्या पानावर एक गोष्ट अर्ध्यावर तुटलेली होती. मी पुढचं पान मागायला परत गेले, तर भाभी म्हणाली, "ते सकाळीच परकराच्या कापडाबरोबर गेलं. पण मी वाचलंय, बसा." आणि तिनं गल्ल्यापाशी बसून उरलेली गोष्ट तोंडानं सांगितली. आम्ही तिघी अशा एकत्र आलो.

दुकानाची कल्पना भाभीची. त्यांच्या दुकानाला लागून एक गाळा रिकामा होता. तिच्या सासऱ्यांना सगळे चाचा म्हणायचे. त्यांना आमचा बेत ऐकून काही केल्या पटेना.

"म्हंजी दुसऱ्यानं वाचल्याली पुस्तकं? उष्टी?"

"पुस्तक उष्टं होत नाही, चाचा," सिस्टर म्हणाली.

"गोष्ट कळली की सपलं की वो. पुना कोन घेनार?" पण गाळा रिकामाच पडला होता, आणि सुनेपुढं त्यांचं फारसं चालत नसे. मिळाला.

आता पुस्तकं हवीत. तिघींनी आपापल्या घरची आणायची ठरली, आणि पुस्तकांवर जीव असलेल्या बायका किती लबाड असतात ते मला तेव्हा समजलं. प्रत्येकीनं नको असलेली तेवढी आणली. भाभीच्या रहस्यकथांची शेवटची पानं गायब होती. सिस्टरच्या पुस्तकांवर ती पेन्सिलीची मतं. ज्या पुस्तकावर 'वाचून वेळ दवडू नये' असं लिहिलंय ते कोण विकत घेणार? मी रबरानं खोडायची, ती पुन्हा लिहायची, आधीपेक्षा ठळक. माझं म्हणाल तर मी घरून भरून आणलेल्या दोन पिशव्यांपैकी एक संध्याकाळी तशीच परत नेली. विकवेना.

गिऱ्हाइकं यायची, पण पुस्तकासाठी येतीलच असं नाही. कुणाला गेल्या वर्षीची सातवीची पुस्तकं हवी असायची, कुणाला पुड्या बांधायला रद्दी. समोरचा न्हावी आला तेव्हा मी हरखले. त्यानं एकेक पुस्तक हातात घेऊन तोललं, जाडी बघितली, पुठ्ठा दाबून बघितला.

"कुठल्या विषयावरचं हवंय?"

"इषय कुटला बी चालंल. खुर्चीवर ठिवायचंय. बारकी पोरं आरशात दिसत न्हाईत."

मी नाही म्हटलं. भाभीनं माझ्या पाठीमागं त्याला एक जाडजूड शब्दकोश विकला. त्यावर आम्ही दोघी दोन दिवस एकमेकींशी बोललो नाही.

दिवाळी होऊन गेल्यावर एका बाजाराच्या दिवशी माले गावची एक बाई आली. साठीच्या आसपासची, डोक्यावर पदर, काखेला बाजाराची पिशवी. दारातूनच म्हणाली, "जुनी पुस्तकं घेता न्हवं? माज्या घरी दोन कपाटं हायेत. उचला समदी."

तिचा नवरा सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन पुस्तकांसकट गावी परतला होता. घर लहान, भात ठेवायला जागा नाही.

"पण त्यांना विचारलंत का?" मी म्हटलं.

"इचारलं की. पुस्तकात डोकं घालून बसल्यालं, 'व्हय' म्हनालं. काय इचारलं ते ऐकलं का न्हाई, ते मला ठावं न्हाई."

दुधाच्या गाडीतून आम्ही मालेला गेलो. तिचे यजमान, त्यांना आम्ही काका म्हणू लागलो, अंगणात उभे होते. आपण कशाला होकार दिला ते त्यांना तेव्हा कळलं असावं, कारण चेहरा उतरला होता. पण माणूस शब्दाचा पक्का. "बोललो असेन तर बोललो," म्हणाले, आणि एकेक पुस्तक स्वतः पुसून आमच्या हातात दिलं. अशी पुस्तकं मी पौडात बघेन असं कधी वाटलं नव्हतं. प्रवासवर्णनं, चरित्रं, नाटकं, सगळी खाकी कव्हरं घातलेली. परतीच्या वाटेवर आम्ही तिघीही गठ्ठ्यांवर नजर ठेवून होतो. कुठलं आपण ठेवून घ्यायचं याचा हिशोब प्रत्येकीच्या डोक्यात चालला होता.

ती वेळच आली नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं काका दुकानात हजर. "जरा बघून जातो," म्हणाले आणि दारापाशी स्टुलावर बसले. त्यानंतर ते रोज येऊ लागले. बसायचे, भाभीचा चहा प्यायचे आणि त्यांच्या पुस्तकाला कुणी हात लावला की उलटतपासणी घ्यायचे.

घोटावड्याचा एक कोंबड्या पाळणारा गडी आला होता. चांगला पैसे काढायला एक हात खिशात घालून उभा होता, दुसऱ्या हातात काकांचं हिमालयाच्या प्रवासावरचं पुस्तक.

"याआधी काय वाचलंय?" काकांनी विचारलं.

"कोंबड्यांच्या रोगावरचं."

"मग हे तुमच्यासाठी नाही."

"न्हाई तर न्हाई!" गडी तडकला. "म्या काय पोरगी मागाय आलोय व्हय?" पुस्तक आपटून तो गेला, आणि आमच्या दुकानाबद्दल घोटावड्यात काय काय सांगितलं कोण जाणे, तिकडचं माणूस पुन्हा फिरकलं नाही.

मी काकांना स्पष्ट सांगितलं, "काका, पुस्तकं आता तुमची नाहीत."

"बाई, तुम्ही मराठी शिकवता ना? पुस्तक कुणाच्या हाती पडतंय त्याची तुम्हाला काळजी नाही?"

"त्यांचं बरोबर आहे," सिस्टर मधेच म्हणाली. मला इतका संताप आला की मी छत्री घेऊन भर उन्हात घरी निघून आले. नवऱ्यापुढं सगळं ओकले. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दुकान बंद झालं तर ती पुस्तकं इथं येणार नाहीत ना?" एवढंच.

मग एक दिवस काका तापानं घरी राहिले आणि त्यांची बायको आली. इकडंतिकडं बघत आत शिरली.

"बाई, एक अडचन हाय. त्येंची पुस्तकं परत द्या. समदी न्हाई, जाडजाड बघून."

मी कपाळावर हात मारला. "तुम्हीच तर घालवलीत!"

"घालिवली. चुकलं. पुस्तकं व्हती तवा गप तरी बसायचं. आता मान्सात आलं. आमटीत मीठ कवा टाकलं, म्हशीला पानी कवा पाजलं, शेजारनीशी येवढा येळ काय बोलत व्हतीस, समद्याची चौकशी."

"पण दिवसभर तर ते इथं असतात."

"हितनं आलं की हितलं सांगत्यात. कोन आलं, कुनाला न्हाई म्हनलं. माजं डोकं उठलंय."

तिची अट एकच, काकांना सांगायचं नाही. आपणच काढली आणि आपणच आणली हे कळलं तर जन्मभर ऐकावं लागेल. पुस्तकं भाताच्या कणगीमागं लपवणार होती आणि पावसाळ्यात, एस.टी. बंद पडून नवरा घरात अडकला की बाहेर काढणार होती. निम्म्या किमतीत घेतलेली पुस्तकं आम्ही तिला त्याच किमतीत द्यायचं ठरवलं आणि पहिली दोन लगेच दिली. दुसरं काय करणार?

काका बरे होऊन आले आणि फळीवरची खिंड त्यांना दारातूनच दिसली.

"कुणी नेली?"

"गिऱ्हाइकानं," मी म्हटलं.

"कुठल्या?"

"मालेच्या," भाभी बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

काका उठून उभे राहिले. "मालेत? मालेत माझ्याशिवाय वाचणारं आहे कोण?" मला वाटलं, आता आरडाओरडा होणार. पण त्यांचे डोळे चमकत होते. बायको बाजाराला आली की एकेक पुस्तक घेऊन जायची, आणि दर वेळी काका रिकाम्या जागेपुढं उभे राहून म्हणायचे, "निवड बघा या माणसाची! नेमकं उचललंय." तिनं फक्त जाडी बघून उचललं होतं हे त्यांना कोण सांगणार? गावात त्यांनी घरोघर चौकशी सुरू केली. शाळामास्तरांना विचारलं, पोस्टमनला विचारलं, देवळाच्या पुजाऱ्याला दोनदा विचारलं. बायको आम्हाला शिव्या घालायची. "समद्या गावाला याड लावलंय त्येंनी. ह्यो वाचनारा कोन म्हनून मानसं माज्याच दारात येऊन इचारत्यात!"

जूनच्या शेवटी पाऊस लागला. मुळशीचा पाऊस पुस्तकांचा वैरी. काकांचं येणं थांबलं, पण आमच्या मागं बुरशी लागली. पानं एकमेकांना चिकटायची, कसर कव्हरांतून आत शिरायची. वेखंडाची पूड आम्ही इतकी घातली की दुकानात शिरलं की शिंका यायच्या. सिस्टरनं दवाखान्यातून कापूस आणून एकेक पुस्तक पुसलं आणि पुसता पुसता निम्मी वाचत बसली. मी ओरडले तर म्हणाली, "पान उघडल्याशिवाय पुसायचं कसं?"

ऑगस्टमध्ये थोडी उघडीप मिळाली आणि मालेची बाई चिखल तुडवत आली. मी लगेच विचारलं, "काढली का बाहेर? काय म्हणाले?"

ती पायरीवर बसली. "काडली. येक येक करून फुडं ठिवली. बघत ऱ्हायलं. मग म्हनलं, 'म्हंजी ती तू व्हतीस?'"

"रागावले?"

"रागावतील कशाला? त्येंला वाटलं, म्या त्येंच्याकडनं वाचून घ्याय नेली! डोळ्यात पानी आलं त्येंच्या. मला अक्षर बी वळकत न्हाई, म्या तर त्येंनी गप बसावं म्हनून नेल्याली. पन आता सांगू कसं?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "तवापास्नं बसवून वाचून दावत्यात. सकाळी, दुपारी, जेवताना. हिमालयाचं निम्मं झालं. गप बसतच न्हाईत."

भाभी हसून हसून गल्ल्यावर आडवी झाली. बाईनं तिच्याकडं रागानं बघितलं, आणि मग फळ्यांवर बोट फिरवत म्हणाली, "आता बारकी द्या. लवकर सपत्यात." आम्ही एक पातळसं नाटक दिलं. ते छातीशी धरून ती दारापर्यंत गेली, तिथं थांबली आणि मला हळूच विचारलं, "बाई, त्यो हिमालयातला मानूस परत येतो का वो घरी? ह्ये सांगत न्हाईत. म्हनत्यात, ऐक फुडं."

सिस्टरला शेवट ठाऊक होता. पण तीसुद्धा म्हणाली, "ऐका पुढं." आयुष्यात पहिल्यांदाच तिनं कुणाला शेवट सांगितला नाही.

दुकान आणखी एक वर्ष रडतखडत चाललं. मग सिस्टरची बदली झाली आणि चाचांना गाळा घोंगड्यांसाठी हवा झाला. उरलेली पुस्तकं वाटून घ्यायला आम्ही बसलो तर वाटण्यासारखं फारसं नव्हतंच. चांगली म्हणावीत ती सगळी केव्हाच तिघींच्या घरी पोचली होती, आणि 'हे तू कधी नेलंस?' यावरून पुन्हा भांडण झालं. सिस्टर तर निरोपाचा चहा न घेताच उठली. मी दिवसभर धुमसत होते. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर गेले. भाभी आधीच आली होती. सिस्टरची ट्रंक कंडक्टर आणि हमाल दोघांनी मिळून टपावर चढवली. "लोखंड हाय का काय बाई?" हमाल म्हणाला. आम्ही तिघी गाडीच्या पाटीकडं बघू लागलो. गाडी हलली तशी सिस्टर खिडकीतून ओरडली, "बाई, रबर वापरू नकोस आता!"

भाभी आणि मी बाजारपेठेतून परत आलो. गाळ्यात घोंगड्या लावून झाल्या होत्या आणि तरी वेखंडाचा वास जात नव्हता. चाचा शिंकत होते आणि आमच्याकडं बघत होते.