पाणघोड्यासाठी दोन दिवस गिरणी बंद

सोलापुरातल्या भवानी पेठेत गुरम्माची पिठाची गिरणी आहे. खरं तर ती तिच्या नवऱ्याची, शिवयोगींची. पण पिठाची धूळ त्यांच्या छातीत बसली, डॉक्टरांनी गिरणीच्या दारातही उभं राहायचं नाही अशी तंबी दिली, आणि तेव्हापासून पट्टा चढवणं, झिजलेल्या दगडाला टाकी लावून घेणं, गिऱ्हाइकांशी हुज्जत घालणं हे सगळं गुरम्माकडं आलं. मुलगा तेव्हा शाळेत होता; आता तो पुण्यात नोकरी करतो आणि त्याची मुलं शाळेत जातात.

घरात गुरम्मा कानडी बोलते, बाजारात मराठी. पण पेठेत तेलुगू विणकरांची घरं आहेत, पलीकडच्या गल्लीत दखनी उर्दू बोलणारी आहेत, आणि सगळ्यांचे डबे तिच्याच दारात. गिरणीच्या घरघरीत बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागतं. त्यामुळं तेलुगू आणि दखनी या दोन्ही भाषा ती ओरडूनच शिकली, आणि आजही त्या तिला हळू बोलता येत नाहीत.

हैदराबादचा विषय काढला नरसम्मानं. ती विणकराच्या घरातली, गुरम्माची जुनी गिऱ्हाईक, भाऊ हैदराबादला. एका दुपारी डबा दळून होईपर्यंत तिनं मोबाइलवर गुरम्माला एक व्हिडिओ दाखवला. त्यात एका पाणघोड्यानं जबडा उघडला, कुणीतरी अख्खं कलिंगड आत टाकलं, आणि त्यानं ते एका दमात फोडून गिळलं. गुरम्मा गिरणीचा आवाज विसरून बघत राहिली.

"पुन्हा लाव," ती म्हणाली. मग, "पुन्हा एकदा लाव की."

"हैदराबादच्या प्राणिसंग्रहालयात असतोय हा," नरसम्मा म्हणाली. "चल की माझ्याबरोबर. शनिवारी जायचं, रविवारी रात्री परत. भावाकडं उतरू."

रात्री जेवताना गुरम्मानं शिवयोगींना सांगितलं. त्यांनी भाकरीचा तुकडा हातातच धरला.

"हैदराबादला? काय बघायला?"

"नीरुकुदुरी."

"पाणघोडा?" ते एवढे हसले की त्यांना खोकला आला. पाणी पिऊन झाल्यावर मात्र म्हणाले, "जा. मला बसचा धूर सोसत नाही, नाहीतर मीही आलो असतो."

बातमी दुसऱ्या दिवशी डब्यांबरोबर घराघरांत गेली. मग जो येईल तो बेत आखू लागला. एकीनं मोत्यांची दुकानं सांगितली, एकीनं देवळं, एकीनं जावयाच्या चुलत्याचा पत्ता. एक निवृत्त मास्तर तर दळणाला नंबर लावून तिथल्या किल्ल्याचा इतिहास सांगत बसले. गुरम्मा सगळ्यांना मान डोलवायची आणि शेवटी विचारायची, "तितनं प्राणिसंग्रहालय किती लांब हाय?"

आणि निघायला आठवडा उरला असताना नरसम्मा तोंड पाडून आली. तिचा भाऊच बायकापोरांसह त्या शनिवारी सोलापूरला येत होता. "न सांगता ठरवलं गं त्यानं. आता मी कशी येऊ?"

गुरम्माचा जीव खट्टू झाला. पण बेत मोडायचा विचार काही तिच्या मनात आला नाही. अडचण वेगळीच होती. दोन दिवस गिऱ्हाइकांचं काय करायचं? कडक भाकऱ्या करून विकणाऱ्या बायकांना रोज ताजं ज्वारीचं पीठ लागतं. तसं बघितलं तर चार दारं सोडून दुसरी गिरणी होती. पण ती रंभाबाईंची.

रंभाबाई मोहोळकडच्या. नवरा गेल्यावर त्यांनी माहेरच्यांच्या मदतीनं ही गिरणी टाकली, तेव्हा गुरम्मा पेठभर म्हणत फिरली होती की हिचं पीठ करपतं. रंभाबाई म्हणत, गुरम्माचं पीठ म्हणजे रवा. तेव्हापासून दोघी समोरासमोर आल्या की एक जण रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला जायची.

बुधवारी दुपारी वीज गेली. दोन्ही गिरण्या गप्प झाल्या आणि दोघी आपापल्या पायरीवर येऊन बसल्या. गुरम्मानं थोडा वेळ पदरानं वारा घेतला. मग उठली आणि सरळ चालत गेली.

"काय वो," रंभाबाई म्हणाल्या, "वाट चुकला का?"

"न्हाय. शनिवार-रविवार माझी गिऱ्हाइकं तुमच्याकडं पाठवू का, इचारायला आले."

"का? मालक आजारी हायत का?" त्यांच्या आवाजात खरीच काळजी होती, आणि त्यामुळं गुरम्मा जरा गडबडली.

"ते बरे हायत. मी हैदराबादला चाल्ले. पाणघोडा बघायला."

रंभाबाईंनी तिच्या तोंडाकडं नीट बघितलं. ती थट्टा करत नव्हती. मग त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. गुरम्मालाही हसू आलं. वीज येईपर्यंत ती पायरीवर बसून कलिंगडाची गोष्ट सांगत होती, हातांनी जबडा करून दाखवत होती.

"संग कोण हाय?" रंभाबाईंनी विचारलं.

"कुणी न्हाय. नरसम्मा येणार हुती, तिचा भाऊच हितं येतोय."

"एकटी गेलीस तर तितं हरवशील," त्या म्हणाल्या. अहोजाहो कुठल्या कुठं गेलं होतं. "मी बी येते. गिरणी टाकल्यापासनं मी मोहोळ सोडून कुटं गेले न्हाय."

"आन् पीठ?"

दोघींच्याही तोंडून एकदमच निघालं. दोन्ही गिरण्या बंद म्हणजे पेठेत बोंब. तिथल्या तिथं त्यांनी ठरवलं: गुरुवार-शुक्रवारी सगळ्यांनी आगाऊ दळण आणायचं, ज्वारी सगळी गुरम्माकडं, गहू सगळा रंभाबाईंकडं. लोकांनी आधी कुरकुर केली. पण शुक्रवारी संध्याकाळपर्यंत बायका आपसांत म्हणायला लागल्या, की गव्हावर ज्वारी आली, ज्वारीवर गहू आला, ही कटकटच राहिली नाही, हे आधी का सुचलं नाही कुणाला?

शनिवारी पहाटे दोघी एसटीत बसल्या. शिवयोगी तोंडाला रुमाल बांधून स्टँडवर सोडायला आले होते. नळदुर्ग, उमरगा मागं पडलं. हुमनाबादला गुरम्मानं कानडीत चहा मागवला. जहिराबादला तेलुगूत पेरूचा भाव पाडला. रंभाबाईंना मराठीशिवाय काही येत नव्हतं. त्या प्रत्येक वेळी विचारायच्या, "काय म्हनला?" आणि गुरम्मा ऐटीत सांगायची.

हैदराबादला रिक्षावाल्यानं तिची दखनी ऐकून मागं वळून बघितलं. "अम्मा, कां से आरे तुमे? मैं बहिरा नईं."

"सोलापूर से! गिरणीवाली हूँ!" गुरम्मा आणखी जोरात म्हणाली.

पाणघोडा काही लगेच भेटला नाही. म्हणजे होता, पण पाण्यात. वर फक्त दोन नाकपुड्या. शाळेची पोरं आली, कंटाळून गेली. एक नवं जोडपं आलं, फोटो काढून गेलं. या दोघी कठड्याला टेकून उभ्या. रंभाबाईंनी पिशवीतनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली. शेवटी रखवालदार गवताचा भारा घेऊन आला आणि पाणी हललं. काळं, चकचकीत, हौदाएवढं धूड वर आलं आणि त्यानं जबडा उघडला.

"अगं बया!" रंभाबाईंनी गुरम्माचा दंड गच्च धरला.

गुरम्माच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते कशाचं हे तिलाही सांगता आलं नसतं. कुणासाठी काही आणायचं म्हणून नाही, कुणाचं लग्न-बारसं म्हणून नाही; ती नुसती बघायला आली होती, आणि तिला बघायला मिळालं होतं.

रात्री एका साध्या लॉजवर दोघी गादीवर पाय पसरून बसल्या. सकाळी पोऱ्यानं दारात चहा आणून दिला तेव्हा रंभाबाई कप घेऊन खिडकीशी गेल्या. खाली रस्ता भरून वाहत होता: दूधवाले, बुरख्यातल्या पोरी, केसांत गजरे माळून देवळाला निघालेल्या बायका, नेपाळी मोमोवाला.

"गुरम्मा," चहाचा घोट घेऊन त्या म्हणाल्या, "चहा आयता आला की लई ग्वाड लागतोय गं."

"मग आज बसचं जरा उशिरानं बघू," गुरम्मा म्हणाली, आणि खिडकीत तिच्याशेजारी जाऊन बसली.