नियरे आणि न्यारे

शकुन आगटे लग्न होऊन कलकत्त्याला आल्या १९८७ साली. नवरा, चंद्रकांत, केंद्र सरकारच्या सर्वेक्षण खात्यात. तीन वर्षांत बदली होईल, सगळं सामान उघडू नका, असं सासऱ्यांनी बजावलं होतं. बदल्या झाल्याही, पण फिरून फिरून गाडी इथेच आली. निवृत्तीनंतर बालीगंजच्या भाड्याच्या घरातून दोन गल्ल्या पलीकडच्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये गेले, एवढाच काय तो फरक.

आम्हा इथल्या मराठी मंडळींना त्या माहीत होत्या त्या गणपतीत आरती झाल्यावर अर्धा तास गाणाऱ्या शकुनताई म्हणून. आपण कोणाकडे शिकलो हे त्या आपणहून सांगत नसत. मिरजेला त्र्यंबकबुवांकडे त्या अकरा वर्षं शिकल्या होत्या. बुवांचं नाव गावाबाहेर फारसं झालं नाही. त्यांनी स्वतः बांधलेल्या चोवीस बंदिशी होत्या. लग्न ठरल्यावर त्यांनी आपल्या हातची वही शकुनताईंना दिली. बुवा गेले, त्यांचा मुलगा गाण्याकडे वळलाच नाही, बाकीचे शिष्य पांगले. त्या बंदिशी पुऱ्या येणारी माणसं आता दोनच उरली होती. एक शकुनताई, आणि दुसऱ्या त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठ्या सुनीती, सांगलीच्या. सुनीतीताईंनी तर नवरा गेल्यापासून तंबोऱ्याला हात लावला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी गणपतीत कुणीतरी विचारलं, ही चीज ऐकायला कुठे मिळेल? कुठेच नाही, असं शकुनताईंना सांगावं लागलं. घरी आल्यावर चंद्रकांत म्हणाले, वही आहे, तू आहेस, मग रेकॉर्ड का करत नाहीस. शोधाशोध करून बेहालात तापस हालदार यांचा छोटा स्टुडिओ मिळाला. एकेकाळी तिथे छापखाना होता. तापस मितभाषी, पन्नाशीतला माणूस. शकुनताईंना तो पहिल्या दिवसापासून माशिमा म्हणजे मावशी म्हणू लागला. तबल्याला त्यानेच ओळखीतला माणूस आणला. गेल्या जानेवारीपासून दर मंगळवारी शकुनताई बालीगंजहून लोकलने माझेरहाट आणि तिथून मेट्रोने बेहाला अशा जाऊ लागल्या. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत अकरा बंदिशी झाल्या.

मग उन्हाळा आला आणि घर भरलं. आधी चंद्रकांतचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दर चार तासांनी डोळ्यांत थेंब घालायचे. ते उरकतंय तोवर बंगळूरहून मुलगी मानसी तिच्या मुलीला घेऊन सुट्टीला आली. पाठोपाठ नणंद निर्मला दोन आठवड्यांसाठी म्हणून आली आणि पाच आठवडे राहिली. दार्जिलिंगला जाणारे दोन पाहुणे जाताना राहिले आणि येतानाही राहिले. कलकत्त्याच्या दमट उकाड्यात रोज पाच-सात माणसांचा स्वयंपाक, दुपारी हिमसागरचा आमरस, संध्याकाळी कुणाला न्यू मार्केट, कुणाला व्हिक्टोरिया. सकाळी पाचला उठून रियाज करावा तर बाहेरच्या खोलीत गाद्या घातलेल्या. शकुनताईंनी तक्रार केली नाही. माणसं त्यांना हवीच होती. फक्त मंगळवार आला की दुपारी त्यांचं लक्ष घड्याळाकडे जाई, असं मानसी म्हणाली.

नात कादंबरी बारा वर्षांची. उन्हात बाहेर जाता येत नाही म्हणून कंटाळलेली. शकुनताईंनी तिला काम दिलं: वहीतले बंदिशींचे शब्द लॅपटॉपवर टाइप करायचे. तिचं मराठी अडखळतं, पण शाळेत हिंदी पक्कं होतं, त्यामुळे बंदिशींची ब्रज भाषा तिला फार परकी वाटेना. ती काम नीट करणारी मुलगी. टाइप केलेलं बरोबर आहे का हे पाहायला ती रेकॉर्डिंग ऐकत बसे. एके दुपारी ती स्वयंपाकघरात आली. शकुनताई आंबे पिळत होत्या.

"आजी, तू चुकीचं गातेस," ती म्हणाली. "वहीत नियरे आहे. तू न्यारे म्हणतेस."

पूरिया धनाश्रीतली ती बंदिश होती: दीप न बारूँ सखी, पी मोरे नियरे. शकुनताईंनी हात धुतले, वही पाहिली. बुवांचं अक्षर स्वच्छ होतं, वर तारीखही होती, १९७८ सालची. नियरे म्हणजे जवळ. सखी, मी दिवा लावत नाही, कारण माझा प्रियकर जवळ आहे. शकुनताई चाळीस वर्षं गात होत्या ते न्यारे. न्यारे म्हणजे दूर, वेगळा. तो दूर आहे, मग दिवा लावू कशाला? एका शब्दाने सगळी बंदिश उलटी होत होती. आणि ती स्टुडिओतल्या तिसऱ्याच दिवशी रेकॉर्ड होऊन बसली होती.

त्यांनी कादंबरीला सांगितलं, तू म्हणतेस ते खरं आहे, बघू नंतर. पण आतून त्या हलल्या. बुवांनी समोर बसवून शिकवलेली चीज. त्यांनी न्यारेच म्हटलं होतं, याबद्दल शकुनताईंना शंका नव्हती. आणि तरी वही समोर होती. पाहुण्यांच्या गर्दीत कुणाशी बोलावं असा हा विषय नव्हता. चंद्रकांतना त्यांनी सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं का? तसं कुणाच्या आलं नव्हतं. पण त्याने त्यांचं समाधान झालं नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात घर रिकामं झालं. निर्मलाताईंना स्टेशनवर सोडून आल्यावर शकुनताईंनी तंबोऱ्याची गवसणी काढली. जवळजवळ तीन महिने गळ्याला काम नव्हतं आणि वय चौसष्ट. नेहमीच्या काळी चार पट्टीत वरचा षड्ज लागला, पण टिकेना. आठ दिवस पहाटे बसून पाहिलं, फरक थोडाच पडला. स्टुडिओत गेल्यावर तापसने सुचवलं की खाली गा, मी संगणकावर वर चढवतो, आधीच्या अकरांशी मिळून जाईल. शकुनताईंनी नको म्हटलं. उरलेल्या बंदिशी पांढरी पाचमध्ये गायच्या असं ठरलं. म्हणजे फक्त अर्धा स्वर खाली. ऐकणाऱ्याला कळलं तर कळू दे, त्या म्हणाल्या, एप्रिल आणि जुलै यांत फरक असतोच.

शब्दाचं मात्र असं सहज सुटणार नव्हतं. त्यांनी सांगलीला सुनीतीताईंना फोन लावला. दोघी वर्षातून एकदा, दिवाळीला बोलत. शकुनताईंनी काही न सांगता एवढंच विचारलं, पूरिया धनाश्रीचा मुखडा आठवतो का? सुनीतीताईंनी घसा खाकरला आणि मुखडा गुणगुणला. त्यांनी नियरे म्हटलं.

शकुनताईंनी मग सगळं सांगितलं.

"तू ती कधी शिकलीस?" सुनीतीताईंनी विचारलं.

"चौऱ्याऐंशी साली."

"मी अठ्ठ्याहत्तर साली शिकले, त्यांनी बांधली तेव्हाच. काकू तेव्हा माजघरात बसून ऐकायच्या. ब्याऐंशीला काकू गेल्या ना. तुला त्यांनी बदलूनच शिकवली असणार."

काकू म्हणजे बुवांच्या पत्नी. बुवांनी याबद्दल कधी कुणाला काही सांगितलं नव्हतं. वहीतही खाडाखोड केली नव्हती. शकुनताईंना आठवलं ते एवढंच, की ही चीज शिकवताना बुवा खिडकीकडे तोंड करून बसत आणि मुखडा एकदाच सांगत. तेव्हा त्यांना वाटे, आपल्याला लवकर येते म्हणून एकदाच सांगतात.

शकुनताईंनी ठरवलं, दोन्ही ठेवायच्या. आधी नियरे, मग न्यारे. पुढच्या मंगळवारी त्या नियरे गायला बसल्या आणि जमेना. न्यारेमध्ये सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, दीर्घ 'न्या'वर येते, तिथे सूर ठेवून उभं राहता येतं. नियरेत समेवर ऱ्हस्व 'नि' येतो आणि लगेच पुढे सरकावं लागतं. चाळीस वर्षं समेवर थांबायची सवय झालेली. तीनदा समेवर 'न्या'च आला. चौथ्यांदा शब्द बरोबर आला, तर गाणं पाठ केल्यासारखं वाटलं. काचेपलीकडून तापसने सांगितलं की ठीक आलंय, ठेवू या. शकुनताईंनी माइक बाजूला केला.

घरी येऊन त्यांनी पुन्हा सांगलीला फोन केला आणि म्हणाल्या, "सुनीती, ती तुझी आहे. तूच गा."

सुनीतीताईंनी साफ नकार दिला. सत्तरी आली, दम पुरत नाही, आवाज कापतो, लोक हसतील. शकुनताईंनी आग्रह केला नाही. फक्त तबलजीकडून वाजवून घेतलेला ठेका आणि तंबोरा फोनवर पाठवून दिला. बारा दिवसांनी उत्तर आलं. सुनीतीताईंनी सुनेच्या फोनवर, जेवणाच्या खोलीत बसून गायलं होतं. चार मिनिटं. आवाज कापत होता, दुसऱ्या आवर्तनात एक सूर उतरला होता, वर पंख्याची घरघर. पण सम बिनचूक. 'नि'वर क्षणभर टेकून त्या अशा पुढे गेल्या होत्या, की घरात खरंच कुणी जवळ बसलंय असं वाटावं.

तापसने ते हेडफोन लावून ऐकलं. पंखा पूर्ण काढता येणार नाही, कमी करता येईल, म्हणाला. मग त्याने दुसऱ्यांदा ऐकलं, कामासाठी नव्हे.

नोव्हेंबरात काम संपलं. चोवीस बंदिशी, आणि पूरिया धनाश्री दोनदा, म्हणून पंचवीस. खाली दोघींची नावं. शब्दांबद्दलची टीप शकुनताईंनी स्वतः लिहिली, आणि ती मराठी, हिंदी, इंग्रजीत टाइप केली कादंबरीने. टिपेत फक्त साल आणि दोन पाठ दिले आहेत. बुवांच्या घरात काय घडलं ते लिहिलेलं नाही. तो त्यांचा प्रश्न, असं शकुनताई म्हणाल्या. रेकॉर्डिंग इंटरनेटवर आहे, कुणालाही फुकट ऐकता येतं. आजवर काहीशे लोकांनी ऐकलं असेल. मिरजेच्या एका शिक्षिकेने त्यातल्या दोन बंदिशी विद्यार्थ्यांना शिकवायला घेतल्या आहेत.

सुनीतीताईंनी सगळ्या पंचवीस ऐकल्या, रोज दोन-दोन अशा, आणि प्रत्येकीवर फोन करून मत दिलं. आठव्या बंदिशीतली शेवटची तान बुवांनी कधीच चालवून घेतली नसती, असं त्या म्हणाल्या. शकुनताईंनी ती पुन्हा ऐकली आणि त्यांना ते पटलं. चंद्रकांतनी विचारलं, मग परत गाणार का? नाही, त्या म्हणाल्या, आणि कुकर लावायला उठल्या.