उंबऱ्यावरची कार्डं

ती घटना मनातून अजून उतरलेली नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. दोषारोपपत्र न्यायालयात गेलं की ती प्रकरणं हळूहळू विसरलीही. या प्रकरणात ना खून झाला, ना दरोडा पडला. तरीही त्या दोन दिवसांतली अस्वस्थता आजही अंगावर येते.

निवृत्तीच्या आधी माझी नेमणूक माजलगाव तालुक्यातल्या एका ठाण्यात होती. दिंद्रुडच्या बाजूचं एक गाव आमच्या हद्दीत होतं. गावाचं नाव आणि माणसांची नावं सांगत नाही, कारण त्यातली बरीचशी माणसं अजून तिथंच राहतात. दिवाळी होऊन गेली होती, ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे गेल्या होत्या आणि निम्म्या घरांना कुलपं होती. मागे राहिली होती म्हातारी माणसं, बागायतदार आणि जनावरं. त्या वर्षी जनावरांना रोग आला होता. रोज कुणाची तरी गाय नाही तर बैल जात होता.

सकाळची हजेरी घेऊन मी नुकताच खुर्चीत बसलो होतो, तेवढ्यात त्या गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला. आवाज दबलेला होता.

"साहेब, गावात बरं न्हाई. लगेच या."

त्यांनी सांगितलं ते असं. गावातल्या तीन घरांच्या उंबऱ्यावर लिंबू, कुंकू आणि चित्राचा एक एक पत्ता सापडला होता. पत्त्यावर आग ओकणारा साप आणि कुणालाही न वाचता येणारी अक्षरं. तिन्ही घरची जनावरं मेलेली. असले पत्ते गावात एकाच घरी येतात, हे सगळ्यांना माहीत होतं. दिंद्रुडला कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या एका तरुणाचं लग्न वर्षापूर्वी झालं होतं, त्याची बायको ते परदेशातून मागवायची. तिनंच करणी केली असं गाव म्हणत होतं आणि दुपारी तिला पारावर बोलवायचं ठरलं होतं.

स्टेशन डायरीला नोंद करून मी एक महिला शिपाई आणि दोन जवान घेऊन निघालो. गावात शिरताच अंदाज आला. भांडणाच्या गावात आरडाओरडा असतो. इथे जीप दिसली की घोळके बोलायचे थांबत होते आणि आम्ही पुढे गेलो की पुन्हा कुजबुजत होते. मला आरडाओरड्याची भीती कधी वाटली नाही. अशा गप्प बसण्याची वाटते.

त्या घराच्या दारात सासू आडवी बसली होती. कुणी आत जाऊ नये म्हणून सकाळपासून तिथून हलली नव्हती. मी आत जायला लागलो तेव्हा तिनं माझी बाही धरली आणि अगदी हळू विचारलं, "साहेब, तसलं काई खरंच न्हाई ना?"

सुनेसाठी ती गावाच्या आडवी बसली होती, पण तिची स्वतःची खात्री नव्हती. मी म्हणालो, "मावशी, मी बघतो."

सून संभाजीनगरची, शिकलेली. नवरा शेजारी मान खाली घालून बसला होता. दुकान त्यानं उघडलंच नव्हतं. तिला ही परदेशी खेळाची, चित्रांची कार्डं जमवायचा नाद कॉलेजपासूनचा. पाकीट फोडलं की आत कोणतं कार्ड निघेल ते आधी कळत नाही, दुर्मीळ निघालं तर जमवणारे आपसात अदलाबदल करतात, हे तिनं समजावलं. तिचा जाडजूड अल्बम मी चाळला. साप होते, पाखरं होती, पंख असलेले बैल होते. सगळी खेळातली चित्रं. एकेक कार्ड प्लास्टिकच्या खिशात जपून ठेवलेलं.

पोलीस पाटलांनी जप्त केलेलं एक कार्ड मी तिच्यापुढे ठेवलं. तिनं ते उचललं आणि मागून मोबाईलचा उजेड लावला. उजेड आरपार आला. अल्बममधलं कार्ड तसंच धरलं, तर त्यातून अंधूकसाच आला.

"हे बनावट आहे, सर. माझ्याकडे आलेलं नाही. पण मागवलेलं बहुतेक मीच असणार."

मला काही उमगेना. मग तिनं शांतपणे सगळं सांगितलं. एका परदेशी दुकानाच्या संकेतस्थळावरून तिनं ही कार्डं मागवली होती. दुकान जपानचं म्हणवत होतं, पण त्या विकणाऱ्याकडे माल नव्हताच. ऑर्डर आली की तो तिसऱ्याच देशातल्या कुणाला तरी कळवायचा आणि माल तिकडून परस्पर निघायचा. विकणाऱ्यानं तो डोळ्यांनी पाहिलेलाही नसायचा. पहिलं पाकीट आलं ते नकली निघालं. तिनं फोटो पाठवून भांडण केलं, तेव्हा त्यानं बदली पाकीट पाठवतो म्हणून कबूल केलं. ते पाकीट तिच्या हाती कधी पडलंच नाही. विकणारा मात्र, पोहोचलं आहे, आमची जबाबदारी संपली, एवढंच लिहीत राहिला. ती त्याच्याशी आठवडेच्या आठवडे भांडत होती. त्या पाकिटात याच मालिकेची कार्डं असणार होती.

म्हणजे पाकीट गावापर्यंत आलं होतं. फक्त दुसऱ्याच कुणाच्या हातात पडलं होतं.

मी पारावर गेलो. माणसं जमायला लागली होती. ज्यांच्या उंबऱ्यावर पहिलं कार्ड सापडलं ते बागायतदार पुढे बसले होते. गावात त्यांचा शब्द चालायचा. मी उद्यापर्यंतची मुदत मागितली आणि तोवर कुणी त्या घराकडे फिरकलं तर कायदा काय करतो तेही सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "साहेब, तुमी आज आलात, उद्या जाल. आमाला हितंच राहायचंय. माजी दोन जनावरं गेली. आता लेकरावर आलं तर?"

त्यांचा चेहरा मी नीट पाहिला. माणूस खरंच घाबरला होता. पारावर वेडीवाकडी भाषा एकानंही केली नाही, आणि त्यामुळेच मला जास्त काळजी वाटली. दोन्ही जवान त्या घरापाशी बसवून मी तपासाला लागलो.

महिला शिपायाला घेऊन तिन्ही घरी गेलो. तिसरं घर एका एकट्या म्हातारीचं. तिचा मुलगा आणि सून ऊसतोडीला गेलेले. तिनं कार्ड सापडताच कुणाला दाखवण्याआधी चुलीत घातलं होतं. गाव त्यावरही साप होता असंच म्हणत होतं. पण महिला शिपाई तिच्या शेजारी बसून बोलती करत राहिली, तेव्हा ती म्हणाली, "साप कुटला बाई? पाखरू हुतं. दोन तोंडाचं."

आणखी एक गोष्ट तिन्ही घरी ऐकायला मिळाली. प्रत्येकानं जवळजवळ त्याच शब्दांत सांगितलं, की डॉक्टर येऊन सुई देऊन गेलता, तरी जनावर ऱ्हायलं न्हाई.

हा डॉक्टर म्हणजे त्याच घराच्या भावकीतला एक माणूस, नात्यानं त्या सुनेचा चुलत दीर. शिक्षण काही नाही. कधीकाळी एका पशुवैद्याच्या हाताखाली काम केलं होतं, आता मोटारसायकलवर पेटी बांधून गावोगाव जनावरांना इंजेक्शनं द्यायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्सल वाटणाऱ्या माणसाला बोलावलं. त्याला ते परदेशी पाकीट आठवत होतं. बाईंचा फोन लागत नव्हता, तेव्हा फाट्यावर भेटलेल्या माणसानं आमच्याच घरचं हाय म्हणून ते मागून घेतलं होतं. तो माणूस ओळखीचा होता का, असं विचारल्यावर पार्सलवाला म्हणाला, "न्हाई कसं? सुईवाले डॉक्टर."

त्या डॉक्टरला ठाण्यात आणलं. चौकशीची माझी एक पद्धत होती. ज्याला खोटं बोलायचंय त्याला आधी खरं बोलायला द्यायचं. चहा मागवला आणि जनावरांबद्दल विचारलं. तो मोकळेपणानं बोलला, रोगाची लक्षणं सांगितली. पाकिटाचं नाव काढताच मात्र आखडला. असलं काही पाहिलंच नाही म्हणाला. पार्सलवाल्याचा जबाब सांगितला, तर त्याची माणूस ओळखण्यात चूक होत असेल म्हणाला. कार्डं सापडली त्या घरांकडे त्यानंतर आपण फिरकलोच नाही, ती डोळ्यांनी बघितलीही नाहीत, गावात ऐकलं तेवढंच, असं त्यानं दोनदा सांगितलं. मी ते लिहून घेतलं.

मग उगाच कागद चाळत म्हणालो, "म्हातारीच्या दारातला साप तर सगळ्यात मोठा होता म्हणे."

"तो सापाचा न्हवता साहेब, पाखराचा हुता."

बोलून गेला आणि त्याचं त्यालाच कळलं. कपाकडे गेलेला हात तिथंच थांबला. कार्डं बघितलीच नाहीत हा त्याचा मघाचा जबाब मी त्याच्यापुढे सरकवला. मग तो म्हणाला, "औषद जुनं हुतं. मला वाटलं चालंल. लोक माज्याकडं बगायला लागलते साहेब. धरून मारलं असतं मला. ते पाकीट माज्याकडंच पडलं हुतं."

"आणि तिला मारलं असतं तर?"

"एवढ्यावर जाईल असं वाटलं न्हवतं," तो म्हणाला.

त्याच वेळी गावातून जवानाचा फोन आला. बागायतदारांचा आणखी एक बैल सकाळी मेला होता आणि लोक त्या घराकडे निघाले होते. मी तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना, म्हणजे सरकारी पशुवैद्यांना, थेट गावात बोलावलं आणि जीप काढली. तो रस्ता मी शेकडो वेळा गेलो असेन. त्या दिवशी तो संपेना.

पोहोचलो तेव्हा घरापुढे माणूस मावत नव्हता. दोन्ही जवान दाराला पाठ लावून उभे होते, सासू उंबऱ्यावरच होती. आणि सून बाहेर आली होती. नवरा तिला मागे ओढत होता, पण ती अल्बम उघडून बायकांपुढे धरत होती. "हातात घेऊन बघा," एवढंच ती प्रत्येकीला म्हणत होती. एकही बाई हात पुढे करेना. ज्या जवळ होत्या त्या मागे सरत होत्या.

मग ती एकटी राहणारी म्हातारी गर्दीतून वाट काढत पुढे आली. तिनं अल्बमच्या खिशातून एक कार्ड बाहेर काढलं, उलटं-सुलटं केलं, पदराला पुसलं आणि म्हणाली, "कागुद हाय की निस्ता."

त्यानं जमाव पांगला नाही. पण पुढे सरकायचा थांबला, आणि आम्हाला तेवढी सवड पुरली. पशुवैद्यांनी त्या मेलेल्या बैलाची तपासणी सगळ्यांसमोर केली, घरोघरी राहिलेल्या बाटल्या मागवल्या, मुदत संपलेलं औषध आणि चुकीची मात्रा यांबद्दल समजेल अशा भाषेत सांगितलं. कार्डं कुणी ठेवली ते मी बोललो नाही. पण सुई कुणाची ते गावाला सांगावं लागत नव्हतं.

जादूटोणाविरोधी कायद्याखाली आणि इतर कलमांखाली गुन्हा दाखल झाला, अटक झाली. परदेशातल्या त्या विकणाऱ्याबद्दल सुनेची तक्रार आम्ही सायबर शाखेकडे पाठवली. त्याचं संकेतस्थळ काही दिवसांनी बंद झालं आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे दुसऱ्या नावानं सुरू झालं. तो कोणत्या देशात बसला होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. ती आणि तिचा नवरा पुढे माजलगावला राहायला गेले. सासू मात्र गावातच राहिली.

तपास पूर्ण झाला, असं म्हणून मी इथे थांबू शकलो असतो. पण त्याच दिवशी, आम्ही पंचनामा उरकून निघत असताना, तोच जमाव गावाच्या दुसऱ्या टोकाला गेला होता. तिथे त्या डॉक्टरचं घर होतं. आत त्याची बायको होती आणि तिला यातलं काहीही माहीत नव्हतं. माझे जवान एका दारावरून उठले आणि दुसऱ्या दारावर जाऊन उभे राहिले. कालच्यासारखेच सगळ्यांत पुढे तेच बागायतदार होते. चेहऱ्यावर तीच भीती.

नंतर नव्या अधिकाऱ्यांशी बोलायची वेळ आली की मी हे प्रकरण सांगायचो. आळ कुणावर आलाय हे लोक तुम्हाला न विचारता सांगतील. तुम्ही आधी कोण कोण घाबरलंय ते शोधा. ज्यानं कार्डं ठेवली तो घाबरलेला होता, आणि ज्यांनी त्यावर विश्वास ठेवला तेही. निष्पाप बाईच्या दारात माणसं गोळा व्हायला तेवढं पुरतं. गुन्हेगार सापडला म्हणून ही भीती संपत नाही, ती दुसरं घर शोधते.

गावानं त्या सुनेची माफी कधी मागितली नाही. आठवडा उलटल्यावर बागायतदार चार माणसं घेऊन ठाण्यात आले. गाव आता शांत आहे, बंदोबस्त उठवायला हरकत नाही, असं त्यांनी सांगितलं.

मी त्यांना चहा पाजला, आणि जवान महिनाभर गावातच ठेवले.