उशीखालची झावळी

राखेच्या बुधवारी कपाळाला लावायच्या राखेसाठी आमच्या पापडी गावच्या चर्चच्या आवारात गेल्या वर्षी सणाला वाटलेल्या आशीर्वादित झावळ्या जाळतात, तेव्हा त्या धुराच्या वासाने मला पत्नीच्या ऑपरेशनची सकाळ आठवते. छातीतली गाठ काढायची होती आणि ती फार घाबरली होती. तशाच एका झावळीचा तुकडा तिने इस्पितळात उशीखाली ठेवला होता. मी त्या काळी प्रार्थनासभा चालवीत असे. भेटायला आलेल्या बायकांसमोर मी तो तुकडा ओढून काढला आणि म्हणालो, "विश्वास असता तर हे पान लागलं नसतं." "ब्रदर, झावळी घ्यायला रांगेत पहिले तुम्हीच होता की," एक म्हातारी म्हणाली. बाकीच्या बायका हसल्या, पत्नी हसली नाही. "ऑपरेशनच्या दारापर्यंत तरी सोबत या," एवढेच ती म्हणाली. "देव आहे ना तुझ्याजवळ," असे सांगून मी निघालो. खरे तर तिला आत नेताना पाहण्याचे धैर्य माझ्यातच नव्हते. नंतर नर्सने सांगितले, की बाई स्ट्रेचरवर थरथरत होत्या, मग डोळे मिटून "प्रभू, माझ्या नवऱ्याची भीती घालव," असे पुटपुटत राहिल्या आणि हळूहळू अगदी शांत झाल्या. ती बरी झाली. पुढच्या सभेत मी तिच्या निर्भयतेची साक्ष दिली, तीही माझ्या शिकवणुकीचे फळ म्हणून. ती समोर मान खाली घालून ऐकत होती. या पापाची कबुली मी धर्मगुरूंपुढे अनेकदा दिली आहे, तिच्यापुढे अजून नाही. दर वर्षी तपासणीला ती एकटीच जाते आणि निघताना मला फक्त जेवण कुठे झाकून ठेवले आहे तेवढे सांगते.